बिनदाण्याचा बार, छोट्या सुट्टीच्या डब्यासाठी

दाण्याचं कूट न घालता स्वयंपाक करायचा, असं कोणी आमच्या आईला दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर तिने त्याला परत जेवायला बोलावलं नसतं. आई साताऱ्याकडची, त्यामुळे भेंडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्यात तर प्रश्नच नाही, उपासाला खिचडी, संक्रांतीला तिळगुळात दाणे, आणि घरात गोडाधोडाचं काही नसलं की दाणे-गूळ वाटीत घालून पोरांच्या हातात. आणि या घरात माझ्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली.

दीड वर्षाची होती. दाण्याच्या लाडवाचा नखाएवढा तुकडा खाल्ला आणि पाचेक मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, मग उलटी. आई म्हणाली पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. बायकोने ऐकलं नाही, सरळ रिक्षा केली आणि दवाखाना गाठला, आणि ते फार बरं झालं कारण पित्ताने उलटी आणि सूज एकदम येत नाही, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पुढे ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे स्किन प्रिक टेस्ट झाली. त्याआधी काही दिवस सिट्रिझिनसारखं ॲलर्जीचं औषध पूर्ण बंद ठेवावं लागतं नाहीतर टेस्ट खोटी येते. हातावर एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब टाकून बारीक टोचतात, पंधरावीस मिनिटं थांबायचं आणि मग फुगवटा मोजायचा, नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त आला तर पॉझिटिव्ह धरतात. शेंगदाण्याचा तर डासाने चावल्यासारखा टरारून फुगला. काजूचाही आला, आणि काजूबरोबर पिस्ताही बंद, कारण दोघांमधली प्रोटीन्स इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुतेक वेळा दुसऱ्याचीही असते. बदाम, तीळ, खोबरं ठीक आलं. तीळ ठीक आल्यावर आईला किती बरं वाटलं असेल ते सांगायलाच नको.

तेव्हा आम्हाला एकच प्रश्न पडला होता, की बाळाला लवकर दाणे दिल्यामुळे झालं की उशिरा दिल्यामुळे. डॉक्टरांनी २०१५ सालच्या लंडनच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, ६४० बाळं होती त्यात, आणि ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त होता त्यांना अकरा महिन्यांच्या आत शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर पुढे ॲलर्जीचं प्रमाण बरंच घटलं, ऐंशी टक्क्यांच्या आसपास. पण हे ॲलर्जी व्हायच्या आधीचं आहे. एकदा झाल्यावर घरी थोडंथोडं देऊन सवय लावू असं करायचं नाही, हे त्यांनी इतक्या कडक आवाजात सांगितलं की आईचा तोच बेत होता हे त्यांना कळलं असावं.

घरात आम्ही सावरलो. खरी गंमत शाळा सुरू झाल्यावर. छोटी सुट्टी दहा मिनिटांची, शाळेचं म्हणणं कोरडा खाऊ द्या, पोळीभाजी मोठ्या सुट्टीत. आता कोरडा खाऊ म्हणजे काय असतं बघा आपल्याकडे: चिवडा (दाणे), चिक्की (दाणे), राजगिऱ्याचा लाडू (विकतच्यात बहुतेक वेळा दाणे), भडंग (दाणे), सुकामेवा (काजू). उरली बिस्किटं. रोज बिस्किटं द्यायला बायको तयार नव्हती आणि मीपण. शिवाय लेकीच्या बाकावरच्या मैत्रिणीला दुधाची ॲलर्जी, आणि पहिलीतल्या पोरी एकमेकींचा डबा खाणार नाहीत असं ज्याला वाटतं त्याने पहिलीचा वर्ग बघितलेला नाही. म्हणून ठरवलं की दाणे, काजू, पिस्ता नाही, आणि दूध, तूप, बटर पण नाही. तूप कढवलेलं असलं तरी त्यात दुधाच्या प्रोटीनचा अंश राहतो, त्या मुलीच्या आईने आधीच सांगून ठेवलं होतं.

सुरुवातीला विकतचे ग्रॅनोला बार आणायचा विचार केला. एका मोठ्या दुकानात उभं राहून एकेक पाकीट उलटं करून वाचलं. २०२०च्या लेबलिंगच्या नियमांनुसार शेंगदाणा, सुकामेवा, दूध, सोया, ग्लुटेनवाली धान्यं, अंडी, मासे वगैरे असेल तर पाकिटावर वेगळं लिहावं लागतं, त्यामुळे आत काय घातलंय ते कळतं. पण खालच्या ओळीत बारीक अक्षरात ‘याचा अंश असू शकतो’ असं असतं आणि तिथे शेंगदाणा आणि नट्स जवळपास प्रत्येक पाकिटावर होते, कारण एकाच मशीनवर सगळे फ्लेवर निघतात. एकावर नव्हतं, पण ते न लिहिणं म्हणजे अंश नाही असं होत नाही. ठेवून दिलं. म्हटलं घरीच करू, वड्याच तर आहेत.

इथे एक सांगतो, रेसिपी शोधायला मला एक संध्याकाळ पुरली आणि जिन्नस शोधायला दोन महिने गेले. लोक नेमकं उलटं समजतात. दाण्याऐवजी काय घालायचं असं सगळे विचारतात, त्याचं उत्तर सोपं आहे, सूर्यफुलाच्या बिया. पण त्या बिया कुठून आल्या, कुठल्या पोत्यातनं, कुठल्या मापाने मोजल्या, हे कोणी विचारत नाही.

आमच्या जवळच्या मंडईत एक भट्टीवाला आहे, फार सज्जन माणूस, त्याच्याकडचे चुरमुरे, फुटाणे, डाळं सगळं ताजं. मी त्याच्याकडे डाळं आणि ज्वारीच्या लाह्या घ्यायला गेलो तर तो समोरच कढईत वाळू तापवून खारे दाणे भाजत होता. दाणे झारून काढले, आणि त्याच वाळूत फुटाणे टाकले. मी विचारलं, “काका, वाळू बदलत नाही का?” तर म्हणाले, “अहो ती रोज बदलली तर परवडायचं कसं, तापलेली वाळूच चांगली लागते.” त्यांचंही बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून भट्टीचा माल बंद, डाळं, फुटाणे, चुरमुरे सगळं. आईला हे पटायला वेळ लागला, ती म्हणे एवढ्या उष्णतेत काय उरतंय. शेंगदाण्याच्या बाबतीत नेमकं उलटं असतं, भाजल्याने त्याची ॲलर्जी आणणारी प्रोटीन्स मोडत नाहीत, कोरडं भाजलं तर त्रासदायक गुण वाढलाच तर वाढतो.

सुट्या मालाचं तेच. किराणा दुकानात ड्रायफ्रूटच्या बरण्या ओळीने असतात, काजू, पिस्ता, मग भोपळ्याच्या बिया, आणि चमचा एकच. म्हणून बिया घेतो त्या कच्च्या, सीलबंद, आणि ज्या कंपनीला मी मेल करून विचारलं की तुमच्याकडे त्या लाइनवर शेंगदाणा किंवा काजू पॅक होतो का, त्यांच्याच. हो, मी मेल करतो. काहीजण उत्तर देत नाहीत, त्यांचा माल घेत नाही. एकाने फार प्रामाणिकपणे लिहिलं की त्याच हॉलमध्ये होतो, तुम्ही नका घेऊ. खजूर बिया असलेलेच घेतो आणि घरी बिया काढतो, बिया काढून चिकट ठोकळा केलेले घेत नाही. ओट्स जाड रोल्ड, मसालेवाले झटपट नाहीत. बरोबर गहू नको असणारं कोणी असेल तर साधे ओट्स चालणार नाहीत, त्यांच्यात शेतापासून गिरणीपर्यंत कुठेतरी गहू मिसळलेला असतोच, त्यांनी ते सोडून लाह्या वाढवाव्यात.

राजगिऱ्याच्या लाह्या घरीच फोडतो आता. जाड बुडाची कढई चांगली सणसणीत तापवायची, एका वेळी एकच चमचा राजगिरा टाकायचा आणि सुती फडक्याच्या बोळ्याने कढईभर फिरवत राहायचं, दहा सेकंदांत पांढऱ्या होतात आणि तेवढ्यातच काढायच्या. दोन चमचे टाकलात की खालचे करपतात. मग चाळणीने गणंग काढून टाकायचे नाहीतर वडीत कचकच लागते. हे काम लेकीला फार आवडतं, बघायला, लांबून.

आता स्वयंपाकघर. मिक्सरचं चटणीचं भांडं वर्षानुवर्षं कूट करून करून पिवळं पडलेलं, झाकणाच्या रबरी रिंगच्या खाचेत आणि पात्यांच्या खाली किती दाणे बसलेत देव जाणे. ते भांडं देऊन टाकलं, नवीन घेतलं आणि त्यावर लाल टेप चिकटवली. दगडी खलबत्ता धुतला तरी वास जाईना, तो आता बाल्कनीत कुंडीखाली आहे. तेल बदलणं आईला सगळ्यात जड गेलं. आमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल यायचं, आणि रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळपास उरत नाही पण घाण्याच्या तेलात उरतं, म्हणजे आपण ज्याला चांगलं समजतो तेच इथे वाईट. करडईचं घ्यावं म्हटलं तर त्याच घाण्यावर आदल्या दिवशी शेंगदाणा काढलेला. शेवटी सीलबंद सूर्यफुलाचं तेल, आणि वड्यांसाठी खाण्याचं खोबरेल.

पहिल्या वड्या नुसत्या खजुराच्या केल्या, सगळीकडे तशाच सांगतात, खजूर वाटा, ओट्स मिसळा, थापा, फ्रिजमध्ये ठेवा, झालं. फ्रिजमधनं काढल्यावर छानच होत्या. पण डबा साडेसातला दप्तरात जातो आणि छोटी सुट्टी दहाला, तोपर्यंत त्यांचा लगदा. लेक घरी आली ती डब्याला चिकटलेलं चमच्याने खरवडून खात आली. मग नुसत्या गुळाच्या केल्या तर त्या चिक्कीच झाल्या, सहा वर्षांची पोरगी, पुढचे दोन दात पडलेले, ती कशी चावणार.

तेव्हा आई स्वयंपाकघरात आली. तोपर्यंत ती हे सगळं लांबून आणि जरा नाराजीनेच बघत होती. म्हणाली, “अरे चिक्कीचा गूळ कशाला आणलास, साधा आण, आणि पाक गोळीबंदाच्या पुढे नेऊ नको.” वाटीत गार पाणी घेऊन तिने पाकाचा थेंब टाकून दाखवला, बोटांनी मऊ गोळी वळली की बंद. थर्मामीटरच्या भाषेत ते ११५ अंशांच्या आसपास येतं, आणि चिक्कीला लागतो तो पाक, ज्याचा थेंब पाण्यातनं काढून ताटलीत टाकला की टणकन वाजतो, तो १५० च्या जवळपास. मी थर्मामीटर घेतलाय, आई अजून वाटीतच बघते, आणि दोघांचं उत्तर एकच येतं.

तर आता जे जमलंय ते असं. आठ इंची चौकोनी डब्यात साधारण वीस वड्या होतात, एक तीसेक ग्रॅमची. जाड ओट्स १५० ग्रॅम, मंद गॅसवर कोरडेच खमंग भाजायचे, आठदहा मिनिटं, हात न थांबवता. सूर्यफुलाच्या बिया ८० आणि भोपळ्याच्या ४० ग्रॅम, वेगवेगळ्या भाजायच्या कारण भोपळ्याच्या तडतडून उडतात आणि लवकर होतात. राजगिऱ्याच्या लाह्या ४० ग्रॅम. हे सगळं एका परातीत, त्यात चिमूटभर मीठ, वेलची किंवा सुंठ. मीठ विसरू नका, मिठाशिवाय सगळं एकसुरी गोड लागतं. बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम, गरम पाण्यात दहा मिनिटं, मग पाणी पूर्ण निथळून वाटायचा. गूळ १०० ग्रॅम, दोन चमचे पाणी घालून पाक, गोळीबंद झाला की त्यात ३० ग्रॅम खोबरेल आणि खजुराचा गोळा घालून परत दोनतीन मिनिटं परतायचं, कडेने सुटायला लागलं की गॅस बंद. मग ६० ग्रॅम सूर्यफुलाचं बटर, आणि लगेच परातीत ओतून भराभर कालवायचं.

थापणं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तिथेच लोक आळस करतात. डब्यात बटर पेपर, त्यावर मिश्रण, आणि तेलाचा हात लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीने अंगाचा जोर लावून दाबायचं, कोपऱ्यांत जास्त. हलकं थापलं की दप्तरात भुगा होतो. कोमट असताना सुरीने खुणा करायच्या, पूर्ण गार झाल्यावर, जमलं तर तासभर फ्रिजमध्ये ठेवून, कापायच्या.

सूर्यफुलाचं बटर म्हणजे फार काही नाही, भाजलेल्या बिया मिक्सरमध्ये फिरवत राहायच्या. आधी पीठ होतं, मग ओलसर होऊन कडेला चिकटतं, तिथे वाटतं की बिघडलं आणि लोक पाणी घालतात, पाणी अजिबात घालायचं नाही, खरवडून परत फिरवायचं, थोड्या वेळाने आपोआप तेल सुटतं. मिक्सर मध्येमध्ये थांबवायचा, तापतो. चवीला दाण्याच्या कुटाच्या बरंच जवळ जातं, किंचित कडवट. आई आता कोशिंबिरीत हेच भाजलेल्या बियांचं भरड कूट घालते आणि आलेल्या पाहुण्यांना कळतं का बघत बसते.

एकदा केकसारखे मऊ बार करावेत म्हणून ओट्सचं पीठ, केळं, हेच बटर आणि खायचा सोडा घालून ओव्हनमध्ये भाजले. बाहेरून छान तपकिरी, कापले तर आतून हिरवेगार. बायको म्हणाली बुरशी. एका तासात बुरशी कशी येईल! सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक ॲसिड असतं, त्याचा सोड्याशी संबंध आला की हिरवा रंग येतो, खायला काही अपाय नाही. सोडा कमी करून लिंबाचा रस घातला की येत नाही. पण लेकीने ते वर्गात ‘हल्कचे बार’ म्हणून नेले आणि इतकी मागणी आली की आता ती मुद्दाम हिरवे कर म्हणते.

शाळेबद्दल थोडं. बार बिनदाण्याचा दिला म्हणून काम संपत नाही, शेजारच्या डब्यात चिक्की असतेच, आणि शाळेने सगळ्यांना दाणे बंद करा सांगावं असा हट्ट आम्ही धरला नाही, महाराष्ट्रात ते चालणारच नाही. बाईंना भेटून एवढंच मागितलं की खाऊ झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझर नाही, सॅनिटायझरने जंतू मरतात पण दाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं, ते साबण-पाण्याने किंवा ओल्या वाइप्सनेच जातं. वाढदिवसाला कोणी खाऊ वाटला तर लेकीचा आमच्याकडचा बार बाईंच्या कपाटात असतो, तो तिला मिळतो. आणि त्याच कपाटात डॉक्टरांची चिठ्ठी आणि ॲड्रेनालिन, म्हणजे जोराची ॲलर्जी उठली तर द्यायचं इंजेक्शन. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन असतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी ॲम्प्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज, वजनाप्रमाणे डोस लिहून दिलाय, वजन वाढलं की चिठ्ठी बदलते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, शाळेच्या नर्सबाईंना डॉक्टरांनी स्वतः दाखवलं. श्वास अडकला तर आधी सिट्रिझिन देऊन बघू असं करायचं नाही, त्याने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. देवाच्या कृपेने अजून लागलेलं नाही.

हे बार पौष्टिक आहेत का, असं बरेच जण विचारतात. बिया आहेत, ओट्स आहेत, त्या अर्थाने हो. पण गूळ म्हणजे शेवटी साखरच, आणि खजूरही काही कमी गोड नाही, त्यामुळे एक वडी, आणि आठवड्यातनं तीनदा. बाकी दिवस घरचे शंकरपाळे, फळं, थालीपीठाचे तुकडे. ‘शुगर फ्री’ म्हणून खजुराचे बार विकतात त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

टिकतात हवाबंद डब्यात आठवडाभर, फ्रिजमध्ये दोन आठवडे, बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर तरी. सकाळी फ्रीझरमधनं काढून थेट डब्यात टाकली तरी सुट्टीपर्यंत बरोबर मऊ होते. पावसाळ्यात मात्र गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि वड्या चिकट होतात, तेव्हा ओट्स आणि लाह्या कालवायच्या अगदी आधी परत गरम करून घ्यायच्या आणि पाक किंचित पुढे न्यायचा, गोळी बोटाला जरा घट्ट लागेपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात पारा अडतीसच्या वर गेला की उलटा त्रास, खजूर मऊ पडतो, तेव्हा खजूर शंभरवर आणायचा, गूळ दीडशे, आणि खोबरेल अर्धं करायचं, कारण ते पंचवीसच्या आसपासच वितळतं.